बाय नावाची नर्स

चामटोलीच्या कोंडाजी भोपीची थोरली लेक नर्स आहे, हे गावाला ठाऊक होतं. पण ब्याण्णव सालच्या श्रावणात पोस्टमन चिखलातून सायकल ढकलत आला आणि त्यानं भर आळीत जाहीर केलं, की खुद्द कोंडाजीच नर्स झालाय.

"अहमदाबादचा कागद हाय. वर लिवलाय, सिस्टर कोंडाजी भोपी."

कोंडाजी म्हशीच्या कानातली गोचीड काढत होता. त्यानं हात लुंगीला पुसले. "कोन सिस्टर?"

"तू. आनखी कोन कोंडाजी हाय गावान?"

शेजारची गोजरबाई भिंतीवरनं वाकली. "बरा झाला! आता माजी सून अडली तं तुनाच हाक मारीन. टोपी काढून ये फक्त."

आळी पोट धरून हसली. कोंडाजीही हसला, पण कागद त्यानं छातीशी धरला. कागद लेकीचा आहे, एवढं त्याला कळलं होतं. अंघोळ न करताच तो अंबरनाथला तिच्या घरी निघाला.

लेकीचं नाव बाय. आमच्याकडे घराघरांत पोरीला बायच म्हणतात. तिचं बारशाचं नाव अंजनी होतं, पण ते बारशालाच राहिलं. शाळेत घालायला आजा सोमा घेऊन गेला. देशावरनं आलेल्या गुरुजींनी विचारलं, नाव? आजा म्हणाला, बाय. गुरुजी म्हणाले, अहो खरं नाव. आजा चिडला. म्हणाला, "खरा म्हंजे? घरान बाय, शेतान बाय, देवलान बाय. आनखी कवरा खरा पायजे?" गुरुजींनी गावठी बोली तेवढी सुधारून घेतली आणि रजिस्टरात लिहिलं: बाई कोंडाजी भोपी.

त्याच नावानं ती बदलापूरला मॅट्रिक झाली. त्याच नावानं तिनं नर्सिंगची तीन वर्षं काढली. हजेरीला ट्यूटर "बाई!" म्हणाली, की बाकीच्या पोरी तोंडात रुमाल घालायच्या. एकीनं तर झाडूवालीला पुढं ढकललं होतं. पण परीक्षेचा निकाल लागला तेव्हा पहिल्या पाचांत ही होती. मुंबईच्या नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आलं, त्यावरही इंग्रजीत तीनच अक्षरं: बी, ए, आय.

मग ती उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, एका सिंधी डॉक्टरच्या प्रसूतिगृहात लागली. खाली जीन्सच्या शिलाईची मशीनं खडखडायची, वर बाळं रडायची. आठ वर्षं तिनं तिथं बाळंतपणं केली. सिंधी बाया तिला 'अदी' म्हणायच्या, म्हणजे थोरली बहीण. वेणा चालू झाल्या की डॉक्टरांआधी अदीला बोलवा म्हणून ओरडायच्या. अडलेल्या बाईच्या पोटावर हात ठेवून ती सांगायची, मुलाचं डोकं कुठं आणि पाय कुठं. डॉक्टर नुसती मान हलवायचे. पण दारावर पाटी डॉक्टरांची, आणि हिला साध्या टेबलावरही कुणी स्वतःचं नाव लावू दिलं नाही.

ब्याण्णव सालीच तिचा नवरा सदू याची अंबरनाथची केमिकल कंपनी बंद पडली. वापीच्या दुसऱ्या कंपनीत त्याला काम मिळत होतं. तिथंच एका ट्रस्टच्या दवाखान्यात प्रसूती विभागाला इन्चार्ज सिस्टर हवी होती. बाय मुलाखतीला गेली. मुलाखत चालू असतानाच एक बाई अडलेली आली. बायनं पदर खोचला, हात धुतले आणि बाहेर आली ती मूल घेऊनच. ट्रस्टी म्हणाले, जागा तुमची. पण गुजरातचं रजिस्ट्रेशन एक सप्टेंबरच्या आत दाखवा. महाराष्ट्राचं लायसन इथं चालत नाही. नाही आणलं, तर दुसरी सिस्टर तयार आहे.

इन्चार्ज. हा शब्द ती घरी येईपर्यंत तोंडातल्या तोंडात घोळवत होती.

मुंबईच्या कौन्सिलची ना हरकत तिनं आणली, अहमदाबादला गेली. तिथला फॉर्म गुजरातीत. कचेरीच्या बाहेर झाडाखाली एक अर्ज लिहिणारा म्हातारा बसला होता. त्यानं विचारलं, "नाम?"

"बाई कोंडाजी भोपी."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. त्यांच्याकडे जुन्या लोकांत बाईमाणसाच्या नावाआधी 'बाई' लिहितात, मानाचं म्हणून. बाई जमना, बाई रेवा, तशी ही बाई कोंडाजी. नाव जरा मर्दानी आहे, पण मराठी लोकांचं काय सांगावं, असं त्याला वाटलं असणार. त्यानं 'बाई' मानाच्या जागी लिहिलं आणि नावाच्या रकान्यात कोंडाजी. बायनं न वाचता सही ठोकली. बाटलीवरचं लेबल तीनदा वाचल्याशिवाय सुई न भरणारी ही बाई, पण गुजराती अक्षर म्हटल्यावर गप्प बसली.

आता कोंडाजीनं आणलेल्या कागदात त्याचंच उत्तर होतं. अर्जातलं नाव आणि सर्टिफिकिटातलं नाव जुळत नाही. सत्तावीस ऑगस्टच्या आत मूळ कागदांसह हजर राहा. नाहीतर अर्ज रद्द.

सदू म्हणाला, "ॲफिडेव्हिट करून टाक ना. अंजनी नाव लाव. मस्त नाव हाय. मी पण अंजनीच बोलीन."

"नवीन नावानं मुंबईची कौन्सिल, मॅट्रिकचं बोर्ड, सगळं बदलाया लागल. वरीस जाईल. एक सप्टेंबर काय थांबल माज्यासाठी?"

"मंग?"

"मंग काय. कोंडाजी कोन हाय ते दाखवते त्यांना." ती बापाकडं वळली. "बा, धोतर हाय का धुतलेला?"

कोंडाजीनं उभ्या जन्मात कल्याणपलीकडची आगगाडी पाहिली नव्हती. पण धोतर, कोट, पांढरी टोपी घालून तो निघाला. बरोबर शाळेचा दाखला, रेशनकार्ड आणि गोजरबाईनं दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या.

अहमदाबादच्या कचेरीत टेबलामागे चष्मा लावलेली एक वयस्क बेन होती. पूर्वी मेट्रन असावी. खुर्चीत बसली होती तरी वॉर्डात फेरीला निघाल्यासारखी पाठ ताठ. तिनं कागद उलटेपालटे केले.

"कोंडाजी कौन?"

"मी," म्हणत कोंडाजी उभा राहिला.

बेननं चष्म्यावरनं त्याला पायापासून टोपीपर्यंत बघितलं. मिशी बघितली. शेजारचा कारकून खोकला दाबत खाली वाकला.

"ये सिस्टर है?"

"मेरा बाप है," बाय म्हणाली. "सिस्टर मैं हूँ. फॉर्म लिखनेवाले ने गलती किया और मैंने बिना पढे साइन किया. वो मेरी गलती."

बेन जरा नरमली. चूक कबूल करणारी नर्स तिला आवडली असावी. म्हणाली, "तो आप का नाम?"

"बाई."

"वो ठीक है. नाम?"

"बाई ही नाम है."

मग बेननं चष्मा काढला. समजुतीनं बोलायला लागली. हे काही नाव नव्हे. आमच्या दवाखान्यात फरशी पुसते ती बाई, बेडपॅन काढते ती बाई. तू इन्चार्ज होणार. पेशंट ओरडेल, 'बाई!' आणि तू पण येशील, झाडूवाली पण येईल. चांगलं दिसतं का? अंजनी म्हण, उमा म्हण. बदलून घे, सहा महिन्यांनी परत ये.

कोंडाजीला हिंदी अर्धीच कळत होती, पण लेकीच्या नावाला काहीतरी होतंय, हे कळलं. तो म्हणाला, "काय बोलते ती?"

"बोलते, हे नाव झाडूवालीचा हाय."

"मंग? झाडूवालीला नाव नसता काय?"

बायला हसू आलं. बेनकडं वळून ती म्हणाली, "मॅडम, आठ साल डिलिव्हरी करती हूँ. पेशंट चिल्लाता है तो झाडूवाली भी आई, मैं भी आई, तो पेशंट का क्या नुकसान? दो आये तो अच्छा है. कोई नहीं आया, तो नुकसान है."

बेननं चष्मा परत लावला.

"और इस नाम पे मैंने तीन साल ट्रेनिंग किया. लडकी लोग हँसा, तो भी किया. सर्टिफिकेट पे यही है. मैं झूठा नाम नहीं लाई. सच्चा नाम लाई हूँ, तो मेरे को वापस कायको भेजते?"

शेवटचं वाक्य थेट उल्हासनगरच्या बाजारातलं होतं, आणि आवाजही तिथलाच, शिलाईच्या मशीनवरनं ऐकू जावा असा. व्हरांड्यातले लोक डोकावले.

बेननं शाळेचा दाखला उचलला. मुंबईची ना हरकत उचलली. दोन्ही शेजारी ठेवून एकेक अक्षर बोटानं पुढं नेलं, औषधाचं लेबल वाचावं तसं. मग कोरा फॉर्म काढून बायसमोर सरकवला. "अंग्रेजी में भरो. खुद."

बायनं स्वतः भरला. मोठ्या अक्षरांत, रकाना सोडून रेघ बाहेर जाऊ न देता. नाव: बाई. वडिलांचं नाव: कोंडाजी. साक्षीदार म्हणून कोंडाजीनं सही केली. सही कसली, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली तीन अक्षरं. ती तो जीभ बाहेर काढून लिहीत असेपर्यंत सगळी कचेरी थांबून राहिली.

"दोपहर बाद आओ," बेन म्हणाली.

दोघं बाहेर झाडाखाली बसून भाकऱ्या खात होते. अर्ज लिहिणारा म्हातारा तिथंच होता. बायनं त्याला अर्धी भाकर दिली, पण घडला प्रकारही सांगितला. म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला आणि पाणी आणून दिलं.

चारच्या सुमाराला शिपाई दारात आला. हातातला कागद बघून जरा अडखळला, मग खणखणीत आवाजात ओरडला,

"बाई बाई कोंडाजीभाई भोपी!"

व्हरांडा हसला. बाय उठली. कोंडाजी तिच्या मागं. रजिस्टरात बेननं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. मानाच्या रकान्यात बाई, नावाच्या रकान्यात बाई. बापाच्या नावाला त्यांच्या रीतीनं भाई.

"ये बराबर है?" बेननं विचारलं.

बायनं वाचलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. नंबर वाचला, तारीख वाचली. मग सही केली.

"बराबर है."

"इन्चार्ज होके बैठ नहीं जाना," बेन म्हणाली. "लेबर रूम में खडा रहना पडता है."

"बैठना आता किसको है, मॅडम?"

रस्त्यावर आल्यावर कोंडाजी म्हणाला, "बाय, तुना दोनदा बाय केला आनि मना भाय केला. वाईट नाय मान्सा." मग थोडं चालल्यावर, "पन आता गावान सांगतांना कोनाला सिस्टर बोलाचा, ते तू सांग. नायतर ती गोजर मना सोडाची नाय."

"मना बोल. इन्चार्ज सिस्टर बोल. जोरान बोल."

तीस तारखेला ती वापीत हजर झाली. दवाखान्याच्या कारकुनानं छातीवर लावायच्या पाटीसाठी विचारलं, "सिस्टर, नाव काय घालू? मिसेस भोपी?"

"बाई भोपी," ती म्हणाली. तेवढ्यात आतून कोणीतरी हाक मारली. पाटीची वाट न बघता ती हात धुवायला गेली.