जज्जसाहेबांची खुर्ची आणि आईची तारीख

आई आणि तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण केक. मावशीच्या मुलीच्या लग्नात केक कापताना सगळ्यांना स्टेजवर बोलावलं, आईला विसरले. आई म्हणते, विसरले नाहीत, वगळलं. गेल्या दिवाळीआधी मावशीला हार्टचा झटका येऊन गेला. तेव्हा आईने सहज विचारल्यासारखं विचारलं, "पाथर्डीकडे तुझं काही काम निघतं का?" माझं तिकडे कधीच काम नसतं. शनिवारी गाडी काढली.

पुण्याहून उजाडायच्या आत निघा, वाघोलीची कोंडी टळते. पाट्यांवर अहिल्यानगर, लोकांच्या तोंडी अजून नगर. काहीही विचारा, रस्ता तोच दाखवतात. भिंगारच्या बाजारात मिसळ खाल्ली. झणझणीत आणि स्वस्त. आईने घेतली नाही, भांडायला जाताना ती उपाशी जाते. करंजी घाटानंतर झाडं विरळ झाली आणि समोरून ऊसतोडीला निघालेल्या माणसांनी भरलेल्या जीपा येऊ लागल्या.

मावशीच्या गावात बघण्यासारखी एकच गोष्ट आहे. दगडी चर्चमध्ये कठड्यामागे ठेवलेली, एका अमेरिकन जज्जाची खुर्ची. साहेब स्वतः इथे कधी आले नाहीत. माहिती रिटायर्ड शिक्षक सॅम्युएल गुरुजी देतात. फी नाही, पण चहा घ्यावाच लागतो.

"शेतकऱ्याचं पोरगं," गुरुजी म्हणाले. "वकील झालं, मग जज्ज. लई कडक! सकाळी उभी राहिलेली केस दिवस मावळायच्या आत निकाली. एकदा पळून आलेल्या गुलामाला मोकळं सोडलं, तर सगळं गाव उलटलं. सख्खा भाऊबी. साहेबानं भावाचा निकाल त्याच दिवशी लावला. पुन्हा तोंड पाह्यलं न्हाई."

"मग खुर्ची इकडे कशी?"

"भाऊ मेला, अन् साहेबाला त्या खुर्चीत बसवंना. साहेबाची लेक इथं मिशनची मुलींची शाळा चालवायची, तिच्याकडं धाडून दिली. तिनं आमच्या पणज्याला सांगितलं, घरच्या भांडणात निकाल द्यायचा न्हाई. तारीख द्यायची."

तेव्हापासून गावातले रुसलेले नातेवाईक या रिकाम्या खुर्चीपुढे उभे राहतात. गुरुजींनी निरोप धाडला तशी मावशी काठी टेकत आली. ती वाळून निम्मी झाली होती. आई तिच्याकडे न बघता खुर्चीकडे बघत राहिली.

"मला वगळलं," आई खुर्चीला म्हणाली.

"हाका मारल्या हुत्या. हीच मांडवामागं फुगून बसली हुती," मावशीनेही खुर्चीलाच सांगितलं.

"तू मारल्यास?"

"माझ्या हातात केक हुता!"

गुरुजींनी घसा साफ केला. "दोघी खऱ्या. पुढची तारीख, येत्या महिन्याचा पहिला रविवार. दोघी हजर पाहिजेत. तवर कुनी मरायचं न्हाई."

जेवण मावशीकडे झालं. बाजरीची भाकरी, शेंगोळे, कांदा. दोघी एकमेकींकडचं मीठ माझ्यामार्फत मागत होत्या.

त्यानंतर बऱ्याच तारखा झाल्या. घाटातले खड्डे मला आता तोंडपाठ आहेत आणि मीठ त्या थेट मागतात. मागच्या खेपेला तर मावशीने आईची वेणी घातली, तोंडाने केकचं चालूच होतं. परवा आई पुन्हा पिशवी भरत होती. मी कंटाळून म्हणालो, "आई, बास आता. तिला माफ कर आणि मिटवून टाक."

"कधीच केलंय," आई मावशीच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत ठेवत म्हणाली. "पण तिला सांगू नकोस. निकाल लागला तर पुढच्या तारखेपर्यंत ती थांबेल कशाला?"