आपोआप जळालेले अ‍ॅम्प्लिफायर

बेळगावात रंगाण्णाचं आणि माझं गाडीतले टेप दुरुस्त करायचं दुकान होतं. दुरुस्त झालेला माल गिऱ्हाईक घेऊन जायचं, पण थापा मागंच ठेवून जायचं. त्या इतक्या साठल्यात की आता कुणीतरी ऐकूनच घ्यायला पाहिजेत! त्या काळी अँबॅसिडरच्या सीटखाली टेपचा आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर बसवायची लई हौस. तो जळला की मालकाचं वाक्य ठरलेलं, "आम्ही काय केलं न्हाय, आपोआप बंद पडला!"

* * *

वडगावचे साड्या विणणारे एक मागवाले आले. अ‍ॅम्प्लिफायरचा डबा उघडला तर आत नुसता कोळसा, आणि फ्यूजच्या जागी पिवळीधमक पिळलेली तार.

"हे काय हो?"

"जर. फ्यूज सारखा जायला लागला, म्हणून साडीची जर पिळून घातली. अस्सल हाय, हलकी न्हाय!"

अस्सलच होती. ती शाबूत राहिली, बाकी सगळं जळलं!

* * *

सांबऱ्याचे एक मास्तर. रंगाण्णा म्हणाला, "आत पाणी गेलंय."

मास्तर भडकले. "थेंब लागू दिला नाही! नवा आणला, पूजा केली, वर नारळ वाढवला आणि सुरू केला."

"वर म्हणजे?"

"वर म्हणजे वर. डब्यावर!"

रंगाण्णानं आतनं खोबऱ्याचा तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. मास्तरांनी तो डोळ्यांना लावला आणि खाल्ला.

* * *

मच्छे गावच्या एका कारखानदारानं बॅटरीच्या तारा उलट्या जोडून डबा जाळला होता. दुरुस्त केल्यावर आम्ही म्हटलं, "आम्हीच जोडून देतो."

"मी कारखाना चालवतो. मला शिकवता व्हय?"

आमच्या दारातच त्यानं लाल तार काळीच्या जागी लावली. भसकन धूर निघाला.

"बघितलासा? आपोआप!"

* * *

सगळ्यांचे आपोआप जळायचे. निपाणीच्या तंबाखूवाल्या सावकारांचा मात्र ड्रायव्हरनं जाळला!

सावकार जळका डबा घेऊन आले, मागं मान खाली घातलेला त्यांचा ड्रायव्हर मारुती. "रंगाण्णा, ह्यानंच खुडबूड केलीया. तुम्ही तेवढं सांगा, आजच ह्याला घरी बसवतो."

"मी हातबी लावला न्हाय वो," मारुती म्हणाला. "पोरगीचं लगीन ठरलंय, आण्णा. आता कुठं जाऊ?"

मला असला संताप आला! पण रंगाण्णानं डबा उघडायला घेतला. आतला फ्यूज कधीच गेलेला, आणि त्याच्याभोवती सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली.

"बघा!" सावकार ओरडले. "सिगरेटची चांदी! हे धंदे ड्रायव्हर लोकांचेच. आपण तर आपल्या तंबाखूच्या विडीशिवाय कशाला शिवत न्हाय. अख्ख्या निपाणीला विचारा!"

"मला तर कसलंच व्यसन न्हाय," मारुती पुटपुटला. त्याच्याकडं कोण बघतंय!

रंगाण्णानं चहा मागवला. तंबाखूचा भाव, पाऊसपाणी, निपाणीचं राजकारण, सगळं काढलं. सावकार रंगात आले. चहा संपला तसा त्यांचा हात सवयीनं कोटाच्या खिशात गेला. पाकीट उघडून त्यांनी रंगाण्णापुढं धरलं. "घ्या."

रंगाण्णानं पाकीटच हातात घेतलं, आत बघितलं आणि उघडंच मारुतीकडं दिलं.

सिगरेटी होत्या. चांदी नव्हती.

"मारुती," सावकार म्हणाले, "गाडी काढ रं."