मांजराची सोय

आमच्या धायरीच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारी एक मुलगी बारावीला आहे. तिला बंगळूरच्या एका विज्ञानसंस्थेत शिकायचंय. तिथे देशभरातून मोजकीच मुलं घेतात. जिन्यात भेटली की मी विचारतो, "काय म्हणतोय प्रवेश?" चष्मा पुसत ती म्हणते, "चान्स शून्य, काका. फार तर पाव टक्का." पेपर चांगला गेला तर पाव टक्क्याचा अर्धा टक्का होतो. त्याच्या वर ती काही जात नाही.

पंधरा दिवसांपूर्वी तिने माझी बेल वाजवली. पार्किंगमधल्या लंगड्या मांजराला ती रोज दूध घालते.

"काका, ऑगस्टपासून तुम्ही घालाल? ते ओळखीच्या हाकेलाच येतं, म्हणून आत्तापासून सवय करा."

"पण चान्स तर शून्य आहे ना?"

ती कानापर्यंत लाल झाली. "अहो, मांजराची सोय नको का करायला!"

मला मांजरं मुळीच आवडत नाहीत. तरी हल्ली रोज सकाळी मी पार्किंगमध्ये उभा राहून, तिने शिकवलं तसं, नाजूक आवाजात "पुस पुस" करतो. वॉचमन तोंड फिरवून हसतो.

काल मांजर आलं.