खिडकीतली जागा

झुंबरअक्काच्या देवघरात टीव्ही आला तो लीलाधरमुळे. लीलाधर तिचा पुतण्या, वरणगावच्या फॅक्टरीत कामाला. सत्याऐंशीच्या दिवाळीत त्याने लाकडी शटरचा टीव्ही आणला, घरभर फिरवला आणि शेवटी देवघरातच ठेवला, कारण देवापुढच्या लाल बल्बसाठी बसवलेला प्लग घरात तेवढाच होता. अक्का काही दिवस टीव्हीकडे पाठ करून पूजा करत राहिली. मग म्हणाली, "राहू दे. पन इथं बसायचं त माह्या रीतीनं."

अक्काची रीत साऱ्या गल्लीला माहीत होती. ती विधवा, मूलबाळ नाही, देव हाच तिचा संसार. रविवारी सकाळी शाळकरी मुलांसाठी विज्ञानाचा हिंदी कार्यक्रम लागायचा. तेव्हा अक्का देवघराच्या दाराशी पाट टाकून बसायची. मुलं पाय धुऊन आत जायची. पाळीतल्या मुलीने आत यायचं नाही. तिच्यासाठी गल्लीकडे उघडणारी गजांची खिडकी होती. खिडकीखाली एक दगड होता, त्यावर उभं राहून ती बाहेरून पाहायची.

त्या गल्लीतूनच लोक डेअरीत दूध घालायला जायचे. एखादी मुलगी पहिल्यांदा त्या दगडावर दिसली, की तिला न्हाण आल्याचं दुपारपर्यंत गावभर व्हायचं. मग सोयरिकीची माणसं यायची.

चंद्रकला आठवीत होती. यावलच्या शाळेत एस.टी.ने जायची. आई नव्हती. वडील रूपचंद, तिचे आबा, केळीच्या बागेत राबायचे, बोलायचे कमी. त्यांनी एकदाच सांगून ठेवलं होतं, "न्हाण येईपर्यंत शाळा. मंग चाळीसगावच्या पाहुन्यांना हो म्हननार आहे मी."

ते होळीच्या सुमारास आलं. चंद्रकलाने कुणाला सांगितलं नाही. कापड ती बागेत वाळत घालायची, सुकून लोंबणाऱ्या केळीच्या पानांआड, आणि वाळेपर्यंत जवळच गवत कापत बसायची. त्या दिवसांत चालताना पाऊल मोजून टाकायची. मुलीच्या नुसत्या चालीवरून अक्का ओळखते, असं सगळ्या म्हणायच्या.

पुढच्या खेपेला नेमका रविवार आला. घरी थांबावं, तर कार्यक्रम कधी न चुकवणारी मुलगी आज का आली नाही, हे विचारायला कुणीतरी येणारच. ती गेली. पाटावरच्या अक्कासमोरून पाय धुऊन आत गेली आणि देवांपासून लांब, भिंतीला टेकून बसली. पाठ आखडली होती. समोरचा बाळकृष्ण रोजचाच होता, पण आज त्याच्याकडे बघवत नव्हतं.

टीव्हीवर एका बाईंनी मेणबत्ती लावून तिच्यावर काचेचा पेला पालथा घातला. ज्योत बारीक होत गेली. सगळे श्वास रोखून पाहत होते. तेवढ्यात टीव्हीमागे फट्कन आवाज झाला. पडदा काळा झाला. देवापुढचा लाल बल्बही विझला आणि जळका वास सुटला.

अक्का पाटावरून उठली.

"बाहेरचं कोनीतरी आत आलंय," ती म्हणाली. "पोरांनो, तुम्ही बाहेर व्हा. पोरींनो, थांबा."

तिने तांब्या आणि पळी घेतली. एकेकीने यायचं, बाळकृष्णावर पळीभर पाणी घालायचं. जिच्या मनात काही नाही, तिचा हात थरथरणार नाही.

मुली पुढे सरकू लागल्या. चंद्रकलाला पाण्याचा आवाज फार मोठा वाटत होता. पाणी घातलं, तर देव कुणावर कोपेल? आबा या वेळी बागेत पाणी भरत असतील, अनवाणी, ओल्या पाचोळ्यात. मागच्या वर्षी तिथेच छगनकाकाला साप चावला होता. आणि नाही घातलं, तर उद्यापासून एस.टी. तिच्याशिवाय जाईल.

तिचा नंबर आला. तिने पळी भरली. हात थरथरला नाही. तो लाकडासारखा झाला होता. पळी कलणार, तोच अक्काने तिचं मनगट धरलं.

"हात धुतले का तू?"

"धुतले."

"परत धू. मागच्या दारी चल."

मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशी अक्काने तिचा हात सोडला.

"कधीपासून?"

चंद्रकला बादलीत हात बुडवून धुऊ लागली.

"बोल व माय."

"होळीपासून."

अक्का धुण्याच्या दगडावर मटकन बसली. ती ओरडेल, गल्ली गोळा करील, असं चंद्रकलाला वाटलं होतं. पण अक्काचे ओठ कोरडे पडले होते. ती घाबरली होती, चंद्रकलाइतकीच.

"आबांना सांगू नका, अक्का. शाळा जाईल माझी."

अक्काने आपल्या पायांकडे पाहिलं. "मले या घरात आनलं तवा माप ओलांडताना मी पडली होती," ती म्हणाली. "लोकं म्हने अपशकुन झाला. मले झोप आली होती, दुसरं काही नव्हतं." मग लुगड्याला हात पुसत उठली. "देवाचं मी पाहीन. रूपचंदले सांगनार नाही."

ती आत गेली. दाराशी आता बायकाही जमल्या होत्या. अक्का म्हणाली, "पोरींनो, जा घरी. चूक माही आहे. सुतकाच्या घरी जाऊन आली होती पहाटे. आंघोळ न करता देवाजवळ बसली."

समोरच्या घरातली सुंदरबाई कधीची वाट पाहत असल्यासारखी बोलली. "बरं झालं बाई. आमच्या पोरींना खिडकीत उभं करत होत्या. आता तुम्ही कुठं उभ्या राहानार?"

"तिथंच," अक्का म्हणाली.

संध्याकाळी लीलाधरने टीव्हीमागचा स्टॅबिलायझर उघडला. आत एक पाल जळून चिकटली होती. "अक्का, पाल होती, पाल," तो हसला.

"पाल कोनी धाडली?" अक्काने विचारलं. ती हसली नाही.

त्या संध्याकाळी आबांना यायला उशीर झाला. चंद्रकला उंबऱ्यात उभी राहून वाटेकडे पाहत होती. अंधारात ते दिसले, तेव्हा तिने आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं.

पुढच्या रविवारी झुंबरअक्का खरंच खिडकीखालच्या दगडावर उभी होती, डोक्यावरून पदर, दोन्ही हातांनी गज धरून. दूध घालायला जाणारे थांबून पाहत होते. सुतकाचा विटाळ एका आंघोळीने फिटला असता, तरी ती आत बसली नाही. "देवानं बोलावल्याशिवाय जानार नाही," म्हणायची. हे लोकांसाठीचं बोलणं नव्हतं. सकाळची पूजासुद्धा तिने लीलाधरच्या बायकोकडे दिली होती.

महिना भरत आला, तशी चंद्रकलाला पुन्हा झोप लागेना. याही खेपेला नेमका रविवारच आला. ती गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिथेच थांबली. अक्काने मान न वळवता हाक मारली.

"इकडं ये व. ही टीव्हीवाली बाई काय बोलते, मले काही समजत नाही."

दगड अरुंद होता. अक्का सरकली. चंद्रकला तिच्या शेजारी उभी राहिली आणि हिंदीतलं मराठीत सांगू लागली. थोड्या वेळाने मागे सायकलच्या हँडलला अडकवलेली दुधाची बरणी खडखडली आणि थांबली.

"चंद्रकले," आबांचा आवाज आला. "तू खिडकीत काहून?"

तिने गज घट्ट धरला. वळता येईना.

"मी बोलावलं," अक्का म्हणाली. "मले हिंदी येत नाही. पोरगी समजावून सांगते. तुले येते का हिंदी, रूपचंद? येत असेल त तू ये, उभा राहा."

गल्लीत कुणीतरी हसलं. आबा हसले नाहीत. सायकल तशीच उभी होती. चंद्रकलाला आपल्या पाठीवर त्यांची नजर जाणवत होती, मानेपासून टाचांपर्यंत. मग बरणी पुन्हा खडखडली आणि आवाज डेअरीकडे गेला.

अक्काचा हात गजावर तिच्या हाताशेजारीच होता. तो गार पडला होता आणि थरथरत होता.

"सांग," अक्का आतल्या देवांकडे पाहत म्हणाली. "मेनबत्ती विझली काहून, ते राहून गेलं होतं."