मला बहीण नव्हती

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, भावापाशी नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा हा विषय बाजूला सारते — जणू त्याला ठाऊकच नसावं. तुम्हाला का सांगते आहे? कदाचित तुम्ही माझं ते गाणं ऐकलं असेल म्हणून. आणि गाण्याबरोबर ती गोष्टही ऐकली असेल. ऐकून तुमचे डोळे भरले असतील तर — मला तिथूनच सुरुवात करायला हवी, पण जमत नाही. थोडं मागे जाते.

मी सोलापूरची. शुक्रवार पेठेत आमचं घर, खाली वडिलांचं कापडाचं दुकान, वर आम्ही. वडील गेल्यावर दुकान भावाकडे आलं आणि वरच्या पुढच्या खोलीत मी गाण्याचा क्लास काढला. सासर दोन गल्ल्या पलीकडे. सकाळी मुलींना सरगम शिकवायची, लग्नसराईत आणि जत्रांना कार्यक्रम करायचे. आवाज बरा होता. पण बऱ्या आवाजाच्या बायका सोलापुरात काय कमी आहेत? पस्तिशी ओलांडली तरी मला कुणी ओळखत नव्हतं, आणि ते मला फार लागायचं. किती लागायचं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मंगळवेढ्याजवळच्या एका खेड्यात जत्रेचा कार्यक्रम होता. आमच्या पार्टीत बाई मी एकटी, म्हणून माझी उतरायची सोय एका धनगर कुटुंबात केली होती. घरात हौसाक्का नावाच्या साठीच्या बाई आणि त्यांची सून पारू. बाकी सगळे मेंढरांमागे. कार्यक्रम संध्याकाळी. दुपारी मी भिंतीला टेकून बसले होते आणि हौसाक्का सुपात ज्वारी निवडत होत्या. निवडता निवडता गुणगुणत होत्या, स्वतःशीच.

कोण्या बांधाला निजली माजी बाय,
मेंढरं मोजली, येक कमी हाय.

मी सरसावून बसले. असा सूर मी आधी ऐकला नव्हता. वर जातो आहे असं वाटायचं आणि मध्येच खाली बसायचा, चालून चालून दमलेलं माणूस बसतं तसा. मी विचारलं, आक्का, हे कुठलं गाणं?

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं नाही. निवडता निवडताच सांगितलं. एका दुष्काळी साली मेंढरं घेऊन घरचे सगळे नदीकाठच्या मुलखात गेले होते. धाकटी लेक सुमी बरोबर होती, आठ वर्षांची. वाटेत तिला ताप आला. तिसऱ्या दिवशी ती गेली. अनोळखी गाव, अनोळखी रान. एका बांधावर, बाभळीखाली तिला पुरलं, वर चार दगड ठेवले. कळप थांबवता येत नव्हता, रानाचा मालक दुसऱ्या दिवशी उठा म्हणत होता. ते पुढे निघाले. पुढच्या साली त्याच वाटेनं आले तर बांध मोडलेला, बाभळ तोडलेली, रान सपाट करून ऊस लावलेला. हौसाक्का त्या उसात दोन दिवस फिरल्या. जागा सापडली नाही.

"मग बसायचं कुटं वो रडायला?" त्या म्हणाल्या. "म्हनून गानं केलं."

मी विचारलं, मी हे गाऊ का?

"गावा की. मी येकलीनं किती गाऊ?"

बघा, गाणं मी चोरलं नाही. ते त्यांनी हातानं दिलं. चोरलं असतं तर कदाचित हे लिहिणं सोपं झालं असतं.

मी घरी येऊन पेटीवर चाल बसवली, दोन कडवी स्वतःची जोडली, ओळखीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं. गाण्याखाली 'पारंपरिक' असं लिहिलं आणि खाली माझं नाव. हौसाक्कांचं नाव का नाही लिहिलं? तेव्हा स्वतःला सांगितलं की त्यांना कशाला हवं आहे नाव. गाणं मोबाइलवर पसरलं. रिक्षांत वाजायला लागलं, पानटपऱ्यांवर वाजायला लागलं. अक्कलकोटच्या बाजारात एका कानडी बाईला ते गुणगुणताना मी स्वतः ऐकलं — तिला अर्थ कळत होता की नाही, देव जाणे.

मग पुण्याहून बोलावणं आलं. टीव्हीचा कार्यक्रम होता. गाजलेल्या गाण्यांचे गायक यायचे आणि गाण्यामागची गोष्ट सांगायचे. माझ्या आधी तिघे झाले. एकानं वडिलांच्या शेवटच्या दिवसांवर केलेल्या गाण्याचं सांगितलं. एक बाई आपल्या आजारपणाचं बोलल्या. समोरची माणसं डोळे पुसत होती. माझी पाळी आली. निवेदिकेनं माझ्या हातावर हात ठेवून विचारलं, "ताई, इतकं दुःख या गाण्यात कुठून आलं?"

खरं उत्तर तयार होतं. एका दुपारी, एका घरी, एका बाईकडून. पण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — मग यात तुमचं काय? आणि माझं काय होतं त्यात? दोन जोडलेली कडवी. त्या तिघांच्या शेजारी मी एकदम रिकामी दिसले असते. मी तोंड उघडलं आणि म्हणाले —

"माझी एक धाकटी बहीण होती."

मला बहीण नव्हती. कधीच नव्हती. मी आणि भाऊ, एवढेच आम्ही.

पुढचं सगळं आपोआप येत गेलं. आजोळी अक्कलकोटकडे गेलो असताना तिला ताप आला, असं मी सांगितलं. शेतात पुरली. आमच्या समाजात जाळत नाहीत, पुरतातच, त्यामुळे तेही खरं वाटलं. नंतर शेत विकलं गेलं, आता जागा सापडत नाही. मेंढरं तेवढी काढून टाकली, बाकी सगळं हौसाक्कांचं. आणि मला रडू आलं. खोटं नव्हतं ते रडू, याचीच मला अजून भीती वाटते. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

कार्यक्रम लागला तेव्हा मी अव्वाकडे होते. अव्वा म्हणजे माझी आई. आमच्या घरात मराठी-कानडी दोन्ही चालायचं, आईला आम्ही अव्वाच म्हणायचो. भाऊ दुकानात होता. ती एकटीच टीव्हीसमोर बसली होती, मी स्वयंपाकघराच्या दारात. कार्यक्रम संपला. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं.

"कुठल्या लेकराला पुरलं गं मी?"

मी म्हटलं, अव्वा, टीव्हीवर असं काहीतरी बोलावं लागतं. तिनं टीव्ही बंद केला. भाऊ नंतर हसून म्हणाला, चांगली प्रसिद्धी झाली की. मलाही हसू आलं. हसले मी.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस झाले असतील. मी क्लास संपवून मुलींना सोडायला दारापर्यंत आले, आणि खाली गल्लीत हौसाक्का दिसल्या. बरोबर पारू. पारूच्या डोक्यावर ज्वारीचं गाठोडं. दोघी एसटीनं आल्या होत्या आणि घर विचारत विचारत येत होत्या.  भांडायलाच आल्या आहेत, मला वाटलं. जिना चढून येईपर्यंत काय काय बोलायचं ते मी ठरवत होते. चुकले म्हणेन. टीव्हीवाल्यांनी बोलायला लावलं म्हणेन. सगळ्यांना खरं सांगते म्हणेन — हेही ठरवलं होतं, खरंच ठरवलं होतं.

हौसाक्का वर आल्या आणि त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"बाई, तवा का न्हाय सांगितलं वो? मी आपली माजंच गात बसली. तुमच्या बी काळजात त्येच हुतं की."

मला कळेना. मग कळलं.

त्यांना वाटलं होतं, माझीही बहीण तशीच गेली. त्यांच्या सुमीसारखीच. टीव्हीवर माझी गोष्ट ऐकून त्यांना संशय आला नव्हता, राग आला नव्हता. त्या माझं सांत्वन करायला आल्या होत्या.

"आन् तुमी निस्तं ऐकून घेतलंसा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, ही शिकल्याली बाई, हिला काय कळायचं. तुमी तवा मान खाली घालून रडत हुता, मला दिसलं न्हाय."

मी रडत नव्हते. मान खाली होती ती वहीत सूर लिहून घेत होते म्हणून.

तिथे बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. आक्का, मला बहीण नव्हती. शाळेतल्या पोरीलाही बोलता येईल असं वाक्य. मी त्यांच्या हातांत तोंड तसंच ठेवलं. आणि — हे मला सांगायलाच हवं — मला सुटल्यासारखं वाटलं.

अव्वा घरातच होती. ती आतून चहा घेऊन आली. हौसाक्कांनी तिला शेजारी बसवलं, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"आई, तुमाला बी जागा घावली न्हाय व्हय?"

अव्वानं माझ्याकडे बघितलं नाही. ती हौसाक्कांकडे बघत होती. मग तिनं हळूच मान हलवली — नाही. खोटं बोलणं माझ्या आईला माहीत नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकाला कापडाचा रंग जातो हेसुद्धा ती आधी सांगायची, वडील चिडायचे. त्या दोघी तशाच हातात हात घेऊन बसल्या होत्या. एकीचं लेकरू गेलं होतं, दुसरीचं झालंच नव्हतं. आणि मी समोर बसून चहा प्यायले.

निघताना हौसाक्कांनी विचारलं, "नाव काय हुतं वो तिचं?"

टीव्हीवर कुणी नाव विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "गौरी."

"गौरी," त्या म्हणाल्या. नीट लक्षात ठेवायला म्हणतात तसं, सावकाश.

त्या गेल्यावर अव्वानं कप विसळले, पालथे घातले आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. त्यानंतर ती पाच वर्षं जगली, पण या विषयावर एक शब्द बोलली नाही. माझ्या कार्यक्रमाला मात्र परत आली नाही. गुडघे दुखतात म्हणायची. दुखतही असतील.

मी काय केलं? मी पुढचे कार्यक्रम केले. लोक गाण्याआधी ती गोष्ट मागायचे, मी सांगायचे. आता नावही होतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे हळूहळू बसत गेलं, गाण्याची जागा बसते तसं. हौसाक्का दरवर्षी जत्रेला बोलवायच्या. पारूच्या फोनवरून, "येवा की, लई दिस झालं." मी तारखा नाहीत म्हणायचे. तारखा होत्या.

मागच्या वर्षी पारूचाच फोन आला. आक्का गेल्या. दहावं झाल्यावर मी गेले. त्यापूर्वी का नाही गेले, ते विचारू नका. माणसांच्या गर्दीत कुणीतरी मला गाणं म्हणायला सांगेल अशी भीती होती, एवढंच सांगते.

घरात पारू एकटी होती. तिनं पाणी दिलं, शेजारी बसली, आणि सासूचं सांगत राहिली. शेवटी शेवटी कशा झोपूनच असायच्या, काय खायच्या. मग म्हणाली, सुमीच्या दिवशी आक्का दरवर्षी दूधभाताचं ताट काढून ठेवायच्या. ते माहीत होतं का मला? मी म्हटलं, नाही.

"तुमच्याकडनं आल्यापास्नं दोन ताटं काढायच्या," पारू म्हणाली. "येक सुमीचं, येक गौरीचं. म्हनायच्या, ती बाई गावोगाव हिंडती, तिला कुटला येळ. आपल्यात पडू दे."

पारूनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"आता मी ठिवीन की दोनी. पर गौरीचा खरा दिस कंचा, आमाला ठावं न्हाय. आक्का सुमीच्याच दिशी ठिवायच्या. त्यांच्या मनात लई हुतं तुमाला इचारायचं, पर तुमाला तरास नको म्हनून इचारलं न्हाय. तुमी सांगा, म्हंजे त्याच दिशी ठिवते."

घरात दुसरं कुणी नव्हतं. पारू भांडखोर बाई नाही, तिनं काही केलं नसतं. हौसाक्का गेल्या होत्या, अव्वा गेली होती. आता खरं बोलून कुणाचं काय बिघडणार होतं? फक्त माझं. मी घोटभर पाणी प्यायले.

आणि मी तिला तिथी सांगितली.

वैशाख वद्य पंचमी. तोंडात आली ती. पारूनं भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये ती शोधली, पेन आणलं आणि चौकोनात खूण केली.

यंदाची पंचमी होऊन गेली. त्या दिवशी माझा क्लास होता. मी मुलींना शिकवलं, दुपारी जेवले, थोडी आडवी झाले. पारूचा फोन आला. "ठिवलं बरं का," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "बरं केलंस."