पाणबुडी आणि माझं परीक्षण

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सिनेमाची परीक्षणं मी लिहितो. कुणी लिहा म्हणून सांगितलेलं नाही. बँकेत वर्षानुवर्षं फायलींवर शेरे मारून हाताला जी खोड लागली, ती जात नाही एवढंच. लालबागच्या आमच्या टॉवरमध्ये लिफ्टची वाट बघताना कुणीतरी विचारतं, "काय साहेब, बघण्यासारखा आहे का?" आणि माझी कॉलर लगेच ताठ होते.

तर पाणबुडीवरचा एक सिनेमा आला. बायको म्हणाली, "ज्यात माणसं बुडतात असलं काही मला बघायचं नाही," आणि ठाकूरद्वारला बहिणीकडे निघून गेली. मग मी बाबांना गळ घातली. आई गेल्यापासून दोन वर्षं त्यांनी थिएटरची पायरी चढली नव्हती. दिवसभर खिडकीत बसायचे, विचारलं तर "ठीक आहे" म्हणायचे. त्यांना कशात तरी रमलेलं बघायचं, एवढीच माझी इच्छा होती. ती इच्छा पूर्ण करायला मी किती नालायक आहे, हे पुढे कळेलच.

आमच्याबरोबर दुसऱ्या मजल्यावरचे काका आले. ते गोदीत फिटर होते. सातव्या मजल्यावरच्या काकूही आल्या. लोअर परळला जुनी गिरणी पाडून बांधलेल्या मॉलच्या सरकत्या जिन्यावर बाबा एकदम म्हणाले, "हय आमचं साचाखातं होतं." मी म्हटलं, "हो बाबा, चला, सुरू होईल."

सिनेमा सुरू झाला आणि लोकांनी आपापला सिनेमा बघायला घेतला. काका दर पाच मिनिटांनी पुटपुटत, "उलटा फिरवतोय व्हॉल्व्ह, उलटा!" मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं जांभया देत म्हणाली, "किती स्लो आहे यार, एक तरी टॉर्पेडो सोडा." काकू पहिल्या पंधरा मिनिटांतच रडायला लागल्या होत्या. आणि मी? मी फोनचा उजेड अगदी कमी करून परीक्षण लिहीत होतो. ग्रुपवर पहिलं मत माझं पडलं पाहिजे, हा माझा जुना आजार.

पाणबुडीत जागा कमी, म्हणून दोन खलाशांत झोपायला एकच बाक होता. एक ड्युटीवर गेला की दुसरा त्या बाकावर आडवा व्हायचा. मी टाइप केलं, 'हे अतिरंजित वाटतं. माणसं अशी राहूच शकत नाहीत.' पुढचं वाक्य जुळवत होतो, तेवढ्यात शेजारून बाबा उठले.

"काय झालं बाबा?"

"काय नाय. तू बघ."

ते बाहेर जाऊन पॉपकॉर्नच्या काउंटरजवळच्या बाकड्यावर बसले, ते शेवटपर्यंत. मी त्यांच्यामागे गेलो नाही. उलट मला परीक्षणाचा शेवट सापडला. 'माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात एकही सिनेमा अर्धवट सोडलेला नाही. तेसुद्धा कंटाळून उठून गेले. यातच सगळं आलं. पाचपैकी दीड.'

घरी पोचेपर्यंत ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला होता. काकांनी लिहिलं, 'व्हॉल्व्हला शून्य.' काकूंनी लिहिलं, 'मला तर फार आवडला. रडून रडून डोळे सुजले.' कुणीतरी विचारलं, 'एवढी माणसं आत, मग कपडे कुठे वाळत घालतात ते का नाही दाखवलं?' मी प्रत्येकाला सविस्तर उत्तर दिलं.

बाबाही त्या ग्रुपवर आहेत, हे मात्र मी साफ विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यांनी चष्मा लावून फोन माझ्यापुढे धरला. "मी कंटाळलो म्हणून उठलो?"

"मग कशासाठी उठलात?"

त्यांनी कपातला चहा बशीत ओतला. "तो पोरगा ड्युटीवरनं येतो, बाकावर हात ठेवतो. बाक गार. तिथं मी उठलो. पुढं काय केलं त्यानं?"

मला असा काही प्रसंग होता हेच आठवेना. त्या वेळी मी दीड की दोन, असा विचार करत असणार.

"म्हणजे उठून मी गेलो," बाबा म्हणाले, "आणि पिक्चर तू नाय बघितलास."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षांत त्यांनी पहिल्यांदा मला काहीतरी विचारलं होतं. उत्तर शोधायला मी काकांकडे गेलो. ते म्हणाले, "तेव्हा मी मागच्या भिंतीवरचं प्रेशर गेज बघत होतो. साफ चुकीचं." काकू म्हणाल्या, तोवर त्यांनी डोळ्यांना पदर लावला होता. सिनेमांना पाचपैकी दीड गुण देणारा मी, सिनेमात काय झालं हे मजलोमजली विचारत फिरत होतो. परीक्षण काढून टाकावं म्हटलं, तर तोवर ते सगळ्या टॉवरने वाचलं होतं.

मंगळवारी रजा टाकली आणि बाबांना सकाळच्या पहिल्या खेळाला नेलं. थिएटर जवळजवळ रिकामं. बसल्याबसल्या त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी मुकाट्याने फोन दिला. त्यांनी तो स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवला.

तो प्रसंग आला. खलाशी ड्युटीवरून आला, बाकावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. मग खाली फरशीवर बसला. बाकाला पाठ टेकून, जागाच.

लग्नाआधी बाबा गिरणीत असताना गावच्या माणसांबरोबर एका खोलीत राहायचे आणि सगळे पाळीपाळीने झोपायचे, हे मी दर गणपतीत ऐकलेलं. त्यावर हसलेलोही. आणि ग्रुपवर लिहिलं काय, तर माणसं अशी राहूच शकत नाहीत!

पडद्याकडे बघतच बाबा बोलायला लागले. "माझ्या जागेवर गावचाच एक होता. तो दिवसपाळीला, मी रातपाळीला. चादर आपापली, चटई एकच. सकाळी मी येऊन आडवा व्हायचो तेव्हा चटई त्याच्या अंगानं गरम असायची. वर्षभरात धड बोलणंसुद्धा नाय झालं आमचं. पण ती ऊब असायची."

मी त्यांच्याकडे वळून बसलो.

"एक दिवस आलो, तर खोलीत कोण नाय. रात्रीच त्याच्या छातीत कळ आली, सगळे त्याला हॉस्पिटलात घेऊन गेलेले. ते मला संध्याकाळी समजलं. तोवर तो गेलेला. पण चटईवर हात ठेवला तेव्हाच माका कळलेलं, काहीतरी झालंय. चटई गार होती."

पडद्यावरचा पोरगा अजून फरशीवरच बसला होता. बाबांनी त्याच्याकडे बोट दाखवलं.

"हा बसून राहिला बघ. मी झोपलो रे. संध्याकाळपर्यंत झोपलो."

सिनेमा संपून दिवे लागले तरी आम्ही दोघे जागेवरून उठलो नाही.