केळ्यांचा फहिता
दुबईहून कायमचा गावी, बुऱ्हाणपूरजवळच्या दापोऱ्याला परतलो, तरी महिनाभर माझा पाय घरात ठरत नव्हता. केळीच्या बागेत चक्कर मारायची, घरी यायचं, पाणी पिऊन पुन्हा निघायचं. आठ वर्षं मी तिथल्या एका मेक्सिकन हॉटेलात एकच पदार्थ करत होतो, बीफ फहिता राइस बाऊल. मांसाच्या पातळ पट्ट्या, कांदा, सिमला मिरची तापलेल्या तव्यावर भाजायची आणि लिंबू-कोथिंबिरीच्या भातावर घालायची. घरी एवढंच माहीत होतं, की मी कूक आहे. माझ्या वडिलांच्या, आबांच्या, गळ्यात तुळशीची माळ. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

एका रविवारी बायको म्हणाली, "आठ वर्षं लोकांना खाऊ घातलं. आम्हाला एकदा तरी करून घाला."

"इथं सामान नाही मिळत त्याचं."

"मिळंल त्याचं करा. आबांनापण सांगून ठेवलंय मी."

मी गाडी काढून बुऱ्हाणपूरला गेलो. सिमला मिरची दोनदा घेतली आणि लिंबं विसरलो. अर्ध्या रस्त्यातून परत फिरलो. पनीर घ्यावं की नाही हेही ठरेना. शेवटी आमच्याच बागेतली कच्ची केळी काढली.

केळी अर्धवट उकडून कापायला बसलो, तर हात आपोआप आडवा वळला. मांस नेहमी धाग्याच्या आडवं कापतात, नाहीतर चिवट लागतं. केळ्याला कसला आलाय धागा! सुरी तशीच हातात धरून मी थांबलो.

"काय सोचून राहिले एवढं?" बायकोनं विचारलं.

मी सांगून टाकलं. तिकडं हे गाईच्या मांसाचं करतात, आणि मी रोज तेच कापत होतो.

तिनं गॅस बारीक केला. मग हळूच म्हणाली, "आबांना नका सांगू. काय गरज आहे?"

पट्ट्यांना जिरेपूड, तिखट, लसूण, लिंबू चोळलं. तवा धूर येईपर्यंत तापवला. खाली भात, बाजूला राजमा, वर केळी आणि मिरची. आबांनी पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"चांगलं लागतंय. आपलीच केळी ना?"

"हो."

"तिकडं यात काय घालायचे?"

पनीर म्हणायचं जिभेवर आलं होतं. बायको माझ्याकडंच बघत होती.

"मांस," मी म्हणालो.

"कशाचं?"

"गाईचं, आबा."

त्यांचा हात ताटातच थांबला. "तू खाल्लंस?"

"चव बघावी लागायची. रोज."

ते उठले, हात धुतले आणि चप्पल न घालताच बागेकडं निघून गेले.

त्यानंतर आठ दिवस त्यांनी माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. बोलायचे मात्र नेहमीसारखंच, पाण्याची मोटार चालू कर, घडांना टेकू लाव. तेच मला सोसत नव्हतं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी दिवसभर बागेत येरझारा घालायचो, नसलेली कामं काढायचो.

नवव्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "चल." आम्ही तापीवर गेलो. थंडीचे दिवस होते.

"डुबकी मार."

मी मारली. आबा पायरीवर कोरडा टॉवेल घेऊन उभे होते.

"आबा, पाण्यानं जातं का हे?"

"मला काय माहीत?" ते म्हणाले. "माझ्यानं एवढंच होतंय."

घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडं चहा मागितला. मी ओतून दिलेला चहा त्यांनी घेतला. वाटलं, मिटलं आता.

पुढच्या महिन्यात असीरगढला नात्यातलं लग्न होतं. पंगतीत एका पाहुण्यानं मला विचारलं, "तिकडं मटन-बिटन शिजवावं लागत असंल?"

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "नाही हो. शाकाहारी हॉटेल होतं त्याचं."

घडावर डाग असला तर व्यापाऱ्याला आपणहून दाखवणारा हा माणूस. मी ताट सोडून उठलो आणि मांडवाबाहेर रस्त्यानं चालत सुटलो. थोड्या वेळानं मागून आबा आले.

"जेवण टाकून कुठं फिरून राहिला?"

"तुम्ही खोटं बोललात, आबा."

"बोललो," ते म्हणाले. "चल, पंगत उठायच्या आत जेवून घे."

मी गेलो. वाढलेलं सगळं खाल्लं, पण चव कशाचीच लागली नाही.